नोकरी सांभाळून प्रौढ शिक्षणात एम.ए. जमेल का, आणि करून उपयोग काय?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत एका कंपनीच्या ट्रेनिंग विभागात आहात, वय ३८, घरी दोन शाळकरी मुलं, आणि प्रौढ शिक्षणात एम.ए. करायची इच्छा आहे; पण सगळे विचारतात, आता याचा उपयोग काय? मी रबाळे एमआयडीसीत कामगारांना सुरक्षिततेचं प्रशिक्षण देतो आणि नोकरी करतच इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून, हे एम.ए. केलंय. माझं मत सरळ आहे. तुमच्यासमोर रोज मोठी माणसं शिकायला बसतात ना? मग जरूर करा. या विषयाचा निम्मा अभ्यास तुमच्या नोकरीतच होणार आहे.

आधी व्यवहाराचं उरकतो. प्रवेशाला कुठल्याही शाखेची पदवी चालते. कोर्स दोन वर्षांचा, पण चार वर्षांपर्यंत पूर्ण करायची मुभा आहे. मुलाची दहावी किंवा घरातलं आजारपण मध्ये आलं तर ही मुभा फार कामाला येते, ती वापरण्यात कमीपणा मानू नका. प्रवेश जानेवारी आणि जुलैच्या सत्रांना, परीक्षा जून आणि डिसेंबरच्या. असाइनमेंटला ३० टक्के, लेखी परीक्षेला ७०. पेपर कामाच्या दिवशीही येतात, त्यामुळे वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी रजेचा अर्ज टाका. पास व्हायला ४० टक्के पुरतात, पण पुढे नेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा, द्यायचा विचार असेल तर खुल्या प्रवर्गासाठी एम.ए.ला ५५ टक्के लागतात, हे पहिल्या असाइनमेंटपासून डोक्यात ठेवा. नेटला प्रौढ शिक्षण हा स्वतंत्र विषय आहे. शाळेत शिक्षक व्हायला मात्र ही पदवी चालत नाही, तिथे बी.एड.सारखी शिक्षकी पात्रताच लागते, आणि आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षाही. आणि डोळ्यासमोर पगारवाढ असेल तर फॉर्म भरण्याआधी तुमच्या एचआरला स्पष्ट विचारून घ्या.

आता उपयोगाचं. माल्कम नोल्स या अमेरिकन अभ्यासकाने मांडलेली मुख्य गोष्ट अशी की मोठं माणूस कोरी पाटी घेऊन वर्गात येत नाही. त्याच्याजवळ अनुभव असतो, 'हे मी का शिकू' असा प्रश्न असतो, आणि शिकलेलं त्याला उद्याच्या कामात वापरायचं असतं. वाचताना वाटतं, यात नवीन काय? वर्गात वापरून बघा.

आमच्याकडे मिक्सरवर काम करणारे एक काका आहेत, मूळचे परभणीकडचे. त्या दिवशीचा धडा होता: मशीनमध्ये उतरण्याआधी वीज तोडायची आणि स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं. मी स्लाइड लावल्याच नाहीत. विचारलं, "काका, आत हात घालायच्या आधी तुम्ही काय करता?" ते म्हणाले, "म्या फ्यूज काढून खिशात ठिवतो. हात आत हाय तवर फ्यूज माज्याजवळ." अख्खी बॅच त्यांच्याकडे वळली. ज्याचा जीव धोक्यात आहे त्याच्याच ताब्यात चावी हवी, हे सगळं तत्त्व त्या दोन वाक्यांत आलं होतं. मी लाल कुलूप त्यांच्या हातात दिलं. ते उलटसुलट करून पाहिलं आणि तेच म्हणाले, "फ्यूज दुसराबी कुणी आणून बसवंल. ह्याची चावी तर माज्याकडंच." पुढचं सत्र जवळजवळ त्यांनीच घेतलं. एम.ए.साठी एक लघुप्रबंध (छोटं संशोधन) लिहावा लागतो, माझा यातूनच निघाला: कामगारांच्या स्वतःच्या युक्त्यांपासून सुरक्षिततेचा धडा सुरू केला तर काय होतं.

तुम्हीही लघुप्रबंधाचा विषय तुमच्या कामातूनच उचला. नवीन आलेली मुलं ट्रेनिंगमधलं पहिल्या महिन्यात काय विसरतात आणि काय विसरत नाहीत, एवढा एक प्रश्नसुद्धा भरपूर आहे. कंपनीची लेखी परवानगी घ्या, लोकांची नावं बदला, आणि मार्गदर्शक लवकर शोधा. आधी आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो आणि नोकरदारांचं घोडं अडतं ते बहुतेक तिथेच.

तुमच्यासाठी मुद्दाम एक नाव सांगतो, जॅक मेझिरो, प्रौढ शिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक. बऱ्याच वर्षांनी पुन्हा कॉलेजात आलेल्या अमेरिकन स्त्रियांचा त्यांनी १९७०च्या दशकात अभ्यास केला. त्यांच्या लक्षात आलं की या बायकांची नुसती माहिती वाढत नव्हती, स्वतःकडे आणि घरातल्या आपल्या जागेकडे बघायची नजरच बदलत होती. हे वाचताना तुम्हाला तुमचाच प्रश्न भेटेल.

एक आग्रह मात्र आहे. कंपनीतल्या लोकांना अभ्यासक्रमातला साक्षरतेचा भाग जुनाट वाटतो आणि ते तो घाईने उरकतात. तसं करू नका. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, तिथपासूनचा हा आपला वारसा आहे. २ ऑक्टोबर १९७८ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, १९८८मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, आणि केंद्र सरकारचा सध्याचा 'उल्लास' हा साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा आहे. तो १५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी असून स्वयंसेवकांच्या बळावर चालतो, म्हणजे तुम्हीही त्यात शिकवू शकता. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात, २०१६च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी साड्या नेसून, दप्तर घेऊन शाळेत बसल्या. त्या वयात अक्षर गिरवायला बाई का येते, याचं उत्तर शोधलंत तर ऐरोलीतला चाळिशीचा टीम लीडर ट्रेनिंगला तोंड वाकडं करून का बसतो, हेही कळायला लागतं.

फॉर्म भरण्याआधी इग्नूच्या ई-ज्ञानकोश या वेबसाइटवर जा. तिथे अभ्याससाहित्य फुकट आहे. पहिल्या पेपरचे दोन घटक उतरवून घ्या आणि रात्री मुलं झोपल्यावर वाचून बघा. ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत वाचेन असं मनात धरू नका, सकाळच्या लोकलमध्ये हात वर काढायला जागा नसते. दोन घटक वाचून पुढचा उघडावासा वाटला तर येत्या सत्रालाच प्रवेश घ्या. आराखडा लिहायला बसलात की मला इथेच विचारा, माझा दाखवेन.