पुतण्याला आयटीआयलाच जाऊ द्या

प्रश्न: आम्ही कॅनडात, ब्राम्प्टनला राहतो. माझे भासरे यवतमाळ जिल्ह्यात कास्तकार आहेत. त्यांचा मुलगा यंदा 62 टक्क्यांनी दहावी पास झाला. त्याला एसी-फ्रिजचं काम शिकायचंय. जाऊबाई म्हणतात, काका-काकू परदेशात असून पोरगं पान्हे घेऊन लोकांच्या छतावर चढणार का? शहरातल्या एका खासगी संस्थेने सहा महिन्यांचा कोर्स आणि 'परदेशात हमखास नोकरी' असं सांगितलंय. फी आम्ही भरावी अशी घरच्यांची अपेक्षा आहे. इकडे हे काम करणारे चांगले कमावतात, ते आम्ही बघतोच. काय करावं?

उत्तर: ताई, त्या सहा महिन्यांच्या कोर्सला एक रुपयाही पाठवू नका. हे आधी सांगून टाकतो, बाकीचं सावकाश बोलू.

मुलाला शासकीय आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड करू द्या. 'रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन' हे त्याचं आताचं नाव, पूर्वी 'मेकॅनिक रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग' म्हणत, आमच्याकडे सगळे 'एसी-फ्रिजचा ट्रेड' म्हणतात. विज्ञान-गणित घेऊन दहावी पास झालेला मुलगा त्याला पात्र असतो. प्रवेश ऑनलाइन असतो आणि दहावीच्या गुणांवर यादी लागते. हा ट्रेड प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये नसतो, म्हणून कदाचित त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा अमरावती-नागपूरला खोली करून राहावं लागेल. शासकीय संस्थेची फी किरकोळ असते. खरा खर्च खोलीचा, खानावळीचा आणि एसटीच्या पासचा. पैसे पाठवायचे असतील तर त्यासाठी पाठवा. खासगी आयटीआय घ्यायचीच वेळ आली, तर केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी) संलग्नता, जिला पूर्वी एनसीव्हीटीची म्हणत, या ट्रेडलाच आहे ना, हे फी भरण्याआधी पाहा. इमारतीवर बोर्ड आहे तेवढ्यावर जाऊ नका.

दोन वर्षं कशाला, असं भासरे विचारतील. मी बावीस वर्षं आयटीआयमध्ये निदेशक होतो. त्याआधी उमेदवारीच्या दिवसांतली माझी एक चूक सांगतो. नवतप्याचे, म्हणजे मे-अखेरच्या कडक उन्हाचे दिवस होते. एका कुल्फीवाल्याच्या डीप फ्रीझरची गळती मी जोडली आणि व्हॅक्यूम न काढता, म्हणजे पंपाने आतली हवा न ओढता, गॅस भरून दिला. घाई होती, पंप माझ्याकडे नव्हता, आणि माझ्या उस्तादांनीही कधी काढून दाखवला नव्हता. फ्रीझर वीसेक मिनिटं झकास चालला, मग गारवा गेला. बंद करून ठेवला, तासाभराने चालू केला, तर पुन्हा वीस मिनिटं झकास. आत राहिलेल्या हवेतला ओलावा कॅपिलरीच्या तोंडाशी गोठत होता. ती नळी बॉलपेनच्या रिफिलपेक्षाही बारीक असते, बर्फाचा कण अडकला की गॅस थांबलाच. बंद केलं की बर्फ वितळायचा. मला ते कळलं नाही, मी अजून गॅस भरत राहिलो. चौथ्या दिवशी कॉम्प्रेसर जळला. ओलाव्यामुळे आत आम्ल तयार होतं आणि ते मोटरचं वाइंडिंग खातं, हे मला फार नंतर, पुस्तकातून कळलं. ऐन हंगामात त्या माणसाचा माल गेला. त्याने मला काही म्हटलं नाही, ते आजही सलतं.

व्हॅक्यूम पंपाने आतला दाब इतका उतरतो की पाणी खोलीच्या तापमानालाच उकळतं आणि वाफ होऊन बाहेर पडतं. एवढी साधी गोष्ट. पण ती हातात बसायला, तांब्याच्या नळीचं ब्रेझिंग (ज्योतीने सांधा जोडणं) करताना आतून नायट्रोजन सोडायची सवय लागायला, मीटर लावून कपॅसिटर गेलाय की कॉम्प्रेसर हे ओळखायला सहा महिने पुरत नाहीत. शिवाय आता बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आर-600ए हा गॅस असतो आणि काही एसींमध्ये आर-290, म्हणजे आयसोब्युटेन आणि प्रोपेन, दोन्ही पेट घेणारे. जुन्या सवयीने गॅस असतानाच नळीला ज्योत लावणारा कारागीर जिवाला मुकू शकतो. अर्धवट शिकलेल्या पोराची मला म्हणूनच धास्ती वाटते.

जाऊबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ही गावं मे महिन्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांत असतात. त्याच दिवसांत हे काम असतं, आणि ते छतावर असतं. पत्रा हाताला चटका देतो. दिवाळीनंतर काम रोडावतं, घरचे एसी कोणी उघडत नाही. गावात व्होल्टेज कधी वर कधी खाली, ओलिताच्या मोटरी सुरू झाल्या की दिवे मंद होतात, आणि जळालेल्या कॉम्प्रेसरचा दोष आधी मेकॅनिकलाच देतात. हे सगळं पोराला माहीत असावं. पण कामाची दुसरी बाजूही त्या माउलीला सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसी 2 ते 8 अंशांतच ठेवाव्या लागतात आणि तो फ्रिज बंद पडला तर कोणीतरी त्याच दिवशी जावं लागतं. दूध शीतकरण केंद्र, मेडिकलवाले, वरुड-मोर्शीकडचा संत्रा ठेवणारी शीतगृहं, सगळ्यांना हा माणूस लागतो. आणि इंजिनिअरिंगचं दार बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो आणि डिप्लोमानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. जाऊबाईंना हे बहुधा कोणी सांगितलेलंच नाही.

आता परदेशाचं. तुमच्या ओंटारिओत हा सक्तीचा परवाना लागणारा व्यवसाय आहे. रेफ्रिजरेशन-एसी मेकॅनिकच्या 313ए या ट्रेडला तिथे सुमारे 9,000 तासांची उमेदवारी असते आणि पुढे परीक्षा. भारतातलं प्रमाणपत्र दाखवून कोणी थेट कामाला लागत नाही. बाहेरच्या अनुभवाची समकक्षता तपासून परीक्षेला बसता येतं, पण त्यासाठी कुठे, काय, किती तास केलं, याचे मालकांचे लेखी कागद लागतात. शिवाय तुमच्या तळघरातली गॅसची भट्टी आमच्या पोरांनी कधी पाहिलेली नसते. विदर्भात घर तापवायची वेळच येत नाही! त्या भट्टीसाठी तिथे गॅस टेक्निशियनचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. अमेरिकेत रेफ्रिजरंट (थंड करणारा गॅस) हाताळायला ईपीए 608 प्रमाणपत्र, ब्रिटनमध्ये एफ-गॅसचं, ऑस्ट्रेलियात 'आर्क-टिक' (ARCtick) परवाना, म्हणजे प्रत्येक देशाची पायरी वेगळी. 'हमखास नोकरी' म्हणणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. आखातात पाठवतो म्हणणारा एजंट असेल, तर त्याची नोंदणी ई-मायग्रेट या भारत सरकारच्या संकेतस्थळावर तपासा, मगच त्याच्याशी बोला.

म्हणून मुलाला 'तुला इकडे आणतो' असं आज म्हणू नका. बावीस वर्षांत अशी पोरं पाहिली की काकाच्या एका फोनवर त्यांचं वर्कशॉपमधलं लक्ष उडालं, वही कोरी राहिली, आणि काकाला पुढे जमलं नाही. त्यापेक्षा आयटीआयनंतर वर्षभर अप्रेंटिसशिप कर, एखाद्या कारखान्यात किंवा मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये, असं सांगा. तिथे विद्यावेतन मिळतं आणि राष्ट्रीय प्रमाणपत्रही. पहिल्या दिवसापासून त्याला एक डायरी लिहायला लावा: तारीख, यंत्र, बिघाड, काय केलं, किती तास. मालकाची सही महिन्याच्या महिन्याला घ्यायची. पुढे कॅनडाचा अर्ज करायचाच झाला, तर मालकाकडून पत्र मागताना ही डायरी समोर ठेवता येईल. इंग्रजी तुम्ही शिकवा, आठवड्यातून एकदा अर्धा तास, त्याच्याच कामाबद्दल. आज काय दुरुस्त केलंस, एवढंच विचारा.

अवजारं पाठवायची हौस असेल, तर पहिल्या वर्षी चांगला क्लॅम्प मीटर, इन्सुलेटेड पेचकस आणि मजबूत बूट. व्हॅक्यूम पंप आणि गेज मॅनिफोल्ड (गॅसचा दाब पाहायचं साधन) दुसऱ्या वर्षी घ्या, आणि नागपूरहूनच घ्या. तिकडून 120 व्होल्टचा पंप आणलात तर इथल्या 230 व्होल्टला तो जळेल.

भासऱ्यांना फोन तुमच्या यजमानांनी करावा. 'आयटीआय' हा शब्द धाकट्या भावाच्या तोंडून, आणि अभिमानाने यावा. पोराला मात्र तुम्ही विचारा की शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल यातलं घरात काय आहे आणि काय काढायचंय. पेरणीच्या धांदलीत तहसीलला चकरा मारायला भासऱ्यांना सवड होणार नाही. आणि प्रवेशअर्जातल्या पर्यायांच्या यादीत हाच ट्रेड पहिला टाकायला सांगा.