कंपनीतले वेगवेगळे विभाग एकमेकांशी जुळवून काम कसं करतात?

एका विभागाकडची माहिती दुसऱ्याला वेळेत मिळाली की काम जुळतं. रत्नागिरीकडचा आंबा कॅनिंगचा कारखाना घ्या. हंगाम एप्रिल-मेचा, पाऊस लागला की संपला. खरेदीवाल्याने उद्या किती क्रेट येणार हे आजच प्रॉडक्शनला सांगायला हवं, कारण अढीतला हापूस पिकला की कोणासाठी थांबत नाही. कामगार किती बोलवायचे, बॉयलर कधी पेटवायचा, सगळं त्या आकड्यावर ठरतं.

आता साक्याचं, म्हणजे हापूसचा गर आतून खराब होण्याचं बघा. फळ वरून अगदी निर्दोष दिसतं, साका कळतो कापल्यावरच, म्हणजे कटिंगच्या टेबलावर. तिथल्या बायकांनी सांगितलं आणि क्वालिटीने लॉट नंबरसकट नोंद करून त्याच दिवशी खरेदीला कळवलं, तर कुठल्या बागेचा माल ते समजतं, दर बदलता येतो, अकाउंट्सही बिल थांबवतं. तीच नोंद वहीत पडून राहिली तर दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा त्याच बागेत! माझ्या मते समन्वय मोजायचा तर इथे मोजावा.

विक्रीने 850 ग्रॅमचे डबे किती लागतील हे हंगामाआधीच सांगावं, रिकामे डबे ऐनवेळी मिळत नाहीत. अकाउंट्सचं दुखणं वेगळं: खर्च दोन महिन्यांत, वसुली वर्षभर. म्हणून खेळत्या भांडवलाची बोलणी करताना खरेदीचा अंदाज त्यांच्या हातात असलाच पाहिजे.

हंगामात रोज सकाळी सगळ्या विभागप्रमुखांनी दहा-पंधरा मिनिटं उभ्याउभ्याच बोलावं, आणि आदल्या दिवशीचा साका किती निघाला हे आधी विचारावं.