रेडिओ जागचा हलत नाही, मग त्याचे खांदे गोल का?

नागपूरच्या महाल भागातलं घर आवरताना तुम्हाला आजोबांचा बेकेलाइटचा (जुन्या कडक प्लास्टिकचा) रेडिओ सापडला आणि सोबत नागपूर स्टेशनावर डब्ल्यूपी या वाफेच्या इंजिनापुढे उभं राहून काढलेला त्यांचा फोटो. इंजिनाला वारा कापायचा असतो, पण रेडिओचं अंगही तसंच गोलसर का, असं तुम्ही विचारलंय. माझी तीस वर्षं हिंगण्याच्या एमआयडीसीत पत्र्याच्या डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे साचे, बनवण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी इंजिन. आपली नजर नाकावर जाते, पण हवेचा विरोध बराचसा शेपटीकडे ठरतो. मागे हवा अंगापासून सुटली की भोवरे होतात आणि तेच वाहनाला मागे खेचतात. गोल दांड्याला होतो तेवढाच विरोध त्याच्या सुमारे दहापट जाड, पण मागे निमुळत्या होत जाणाऱ्या विमानाच्या पंखाला होतो. क्रायस्लर या अमेरिकन मोटार कंपनीच्या कार्ल ब्रीअरने त्या काळच्या मोटारी विंड टनेलमध्ये (वाऱ्याचा झोत सोडून चाचणी घ्यायच्या बोगद्यात) तपासल्या, तेव्हा त्या उलट्या तोंडाने हवा जास्त सहज कापतात असं दिसलं! त्या अभ्यासातून १९३४ ची एअरफ्लो आली. गाडी उत्तम होती, पण तिचं रूप गिऱ्हाइकाला रुचलं नाही आणि १९३७ नंतर ती बंद झाली.

त्याच १९३४ च्या २६ मे रोजी अमेरिकेत झेफिर ही आगगाडी डेनव्हरहून शिकागोला सुमारे १,६३३ किलोमीटर अंतर १३ तास ५ मिनिटांत गेली. लोक आकारावर भाळले. माझ्या मते मोठं श्रेय स्टेनलेस स्टीलच्या हलक्या डब्यांचं आणि डिझेल इंजिनाचं.

डब्ल्यूपी अमेरिकेच्या बाल्डविनकडून १९४७ मध्ये आली, पहिली १६. शंकूसारखं नाक, त्यावर चांदणी. लहानपणी ते प्लॅटफॉर्मात शिरताना बघायला मी संत्रा मार्केटच्या बाजूने धावत जायचो, आजही ते डोळ्यांपुढे आहे. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो खरा जाणवतो मोठ्या वेगाला. ताशी शंभराच्या आसपास, मागे सपाट तोंडाच्या डब्यांची रांग ओढताना त्या नाकाने फारसा कोळसा वाचला नसणार. ते होतं देखणेपणासाठी.

आता रेडिओ. १९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेत माल खपेना, तेव्हा कारखानदारांनी डिझायनर गाठले. रेमंड लोवीने १९३३ मध्ये पेन्सिलीचं शार्पनरसुद्धा थेंबाच्या आकाराचं काढलं (ते बाजारात आलं नाही) आणि १९३५ मध्ये सिअर्सचा कोल्डस्पॉट फ्रीज गुळगुळीत केला. वेग म्हणजे नवं युग, ही भावना वस्तूंवर चढवली गेली. एवढं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं.

पण डायवाल्याला आणखी एक कारण दिसतं. पत्रा डायमध्ये खोल ओढताना कोपरा तीक्ष्ण ठेवला तर तो तिथेच फाटतो. रेडियस (कोपऱ्याची गोलाई) मोठा दिला की पत्रा सुखाने वाहतो. शिवाय वाकलेला पत्रा सपाटापेक्षा ताठ राहतो, त्यामुळे पातळ पत्र्यावर भागतं आणि चार तुकडे जोडण्याऐवजी एका दाबात अख्खी पेटी निघते. मोटारींच्या बॉडीसाठी मोठ्या प्रेस आल्याच होत्या, त्याच पद्धतीने फ्रीजचे दरवाजे निघू लागले. बेकेलाइटचंही तसंच. साच्यात तापून ते वाहतं, गोल वळणातून नीट भरतं, आणि साच्यातून सुटताना कडा टवकत नाहीत. म्हणजे वाऱ्याशी काही संबंध नसताना गोलाई कारखान्याच्या सोयीची होती, आणि फॅशनही तीच मागत होती. फॅशन आली नसती तरी रेडिओचे कोपरे थोडेफार गोल झालेच असते, असं मला पक्कं वाटतं.

तुमच्या रेडिओची मागची पाटी काढून आत टॉर्च मारा. वायर आधी सॉकेटमधून काढलेली हवी. कोपऱ्यात आतूनही वळण दिसेल, आणि बाहेर साच्याच्या सांध्याची पुसट रेघ सापडली तर तिचा जवळून फोटो टाका. साचा किती भागांचा होता ते त्यावरून सांगायचा प्रयत्न करतो. आणि पुसून झाल्यावर गच्चीवर वाळत ठेवू नका, आपल्या मे महिन्याच्या उन्हात बेकेलाइटची चकाकी जाते.