दोन इंजिनं लढवताना ओपनिंग बुक लावलं की निकाल उलटतो, मग खरं भारी इंजिन कोणतं?

तुम्ही म्हणताय की लॅपटॉपवर दोन बुद्धिबळ इंजिनं (बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम) लढवली, ओपनिंग बुक (डावाच्या सुरुवातीच्या तयार चालींची फाईल) बंद ठेवलं तर एक जिंकतं आणि दोघांना आपापलं बुक दिलं की दुसरंच जिंकतं. माझं स्पष्ट मत, दोन्ही निकाल सोडून द्या. पहिल्यात तुम्ही बहुतेक एकच डाव परत परत मोजलाय आणि दुसऱ्यात इंजिन नाही, बुक मोजलंय.

पहिल्या भानगडीत मी स्वतः पडलोय म्हणून खात्रीने सांगतो. एकदा रात्री २०० डाव लावून झोपलो, एक थ्रेड (प्रोसेसरवर एकच काम), डेप्थ (किती चाली पुढचं बघायचं ते) फिक्स, बुक नाही, रंग आलटून पालटून. सकाळी बघतो तर स्कोअर बरोब्बर १५०-५०, मी खूश, म्हटलं काय धुतलंय! मग चहा टाकून पीजीएन (डावांच्या चाली लिहिलेली फाईल) उघडली तर डाव १, ३, ५, ७ सगळे ६३ चालींचे. २, ४, ६ सगळे ८८ चालींचे. म्हणजे रात्रभर फक्त दोनच डाव झाले होते, प्रत्येकी शंभर वेळा, एकात माझं लाडकं इंजिन पांढऱ्याने जिंकलं आणि दुसऱ्यात काळ्याने ड्रॉ केलं. इंजिनाला तीच पोझिशन, तीच सेटिंग दिली तर ते तीच चाल देणार, त्याला कंटाळा येत नाही. घड्याळावर आणि जास्त थ्रेड लावून खेळवलं तर थोडं इकडे तिकडे होतं, पण तरी ओपनिंग त्याच त्या दोन-तीन येत राहतात.

आता आपापलं बुक. बुक चालू असेपर्यंत इंजिन विचारच करत नाही, फाईलमधून चाल उचलतं आणि टाकतं, घड्याळातला वेळही वाचतो (एका मिनिटाच्या डावात दहा चाली फुकट म्हणजे चैनच). पण त्या चाली कुणाच्या डावांतून आल्या हे कोण बघतो? नेटवरून उतरवलेली .बिन फाईल बऱ्याचदा हजारो डाव कोंबून केलेली असते आणि प्रत्येक चालीला वजन असतं ते ती किती वेळा खेळली गेली, किती जिंकली त्यावरून. हौशी लोकांच्या ब्लिट्झमध्ये (झटपट डावांत) एखादी फालतू चाल चालून जाते म्हणून बुकमध्ये तिचं वजन भारी. माझ्याकडच्या एका बुकातून इंजिन नवव्या चालीला बाहेर पडलं आणि स्वतःचाच पहिला इव्हॅल (पोझिशनचा अंदाज) दाखवला उणे १.३, म्हणजे एका प्याद्याहून जास्त मागे! बिचाऱ्याने अजून स्वतःहून एक चाल केली नव्हती. तो डाव हरल्यावर तुम्ही इंजिनाचे मार्क कापणार का?

उलटंही होतं. ११ मे १९९७, न्यूयॉर्क, आयबीएमचं मशीन डीप ब्लू विरुद्ध जगज्जेता कास्पारोव्ह, सहावा डाव. कॅरो-कान ओपनिंग, कास्पारोव्हने सातव्या चालीला प्यादं एच६ घरात सरकवलं आणि मशीनने लगेच ई६ वरच्या प्याद्यावर घोडा फेकला. जगभर लोक म्हणाले बघा मशीनने घोडा बळी दिला, पण ती चाल बुकातली होती, ग्रँडमास्टर लोकांनी भरून ठेवलेली. १९ चालींत डाव संपला आणि मॅच ३.५-२.५. बाकीचा खेळ मशीनचाच, पण डावाचा टर्निंग पॉइंट फाईलमधून आला हे विसरायचं नाही.

अल्फाझिरोचं (गुगलच्या डीपमाइंडचं, स्वतःशीच खेळून शिकलेलं इंजिन) उदाहरण तर तुमच्या प्रश्नाला अगदी फिट बसतं. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या त्यांच्या रिसर्च पेपरमध्ये स्टॉकफिश ८ या टॉपच्या इंजिनाबरोबर नेहमीच्या सुरुवातीपासून १०० डाव झाले, अल्फाझिरो २८ जिंकलं, ७२ ड्रॉ, हार शून्य. लोक ओरडले की स्टॉकफिशला बुक दिलं नव्हतं (मेमरी आणि वेळेवरूनही ओरड होती, ती वेगळी). पण त्याच पेपरमध्ये माणसांच्या १२ लोकप्रिय ओपनिंगपासून लावलेले १२०० डावही आहेत, तिथे अल्फाझिरो २९० जिंकलं, ८८६ ड्रॉ आणि २४ हरलं. इंजिनं तीच, फक्त सुरुवात लादली आणि शून्याचे चोवीस झाले. अल्फाझिरो तिथेही भारीच ठरलं म्हणा, पण "कधीच हरत नाही" हे जे वाटत होतं ते गेलं.

म्हणून टेस्ट करणारे लोक इंजिनांची स्वतःची बुकं बंद करतात (ओनबुक नावाचा ऑप्शन असेल तर तो काढा) आणि बाहेरून एकच ओपनिंगची फाईल दोघांना देतात, प्रत्येक ओपनिंग दोनदा, रंग बदलून. क्यूटचेस या इंजिनं लढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये रिपीट ऑप्शन त्यासाठीच आहे. ही युक्ती जुनी आहे, ग्रँडमास्टर जॉन नन यांनी दहा पोझिशन काढून दिल्या होत्या, दोन्ही रंगांनी वीस डाव.

फक्त एक लोचा, आजची टॉपची इंजिनं समसमान ओपनिंगवरून खेळवली तर जवळजवळ सगळं ड्रॉ, बघताना झोप येते. त्यावर उपाय म्हणून मुद्दाम वाकडी बुकं निघाली, यूएचओ (अनबॅलन्स्ड ह्यूमन ओपनिंग्ज) नावाची, ज्यात पांढऱ्याला जिंकू की ड्रॉ होऊ अशा काठावर आणून सोडतात. स्टॉकफिशची टेस्टिंगही अशाच बुकांवर चालते. पांढरा दोन्ही वेळा जिंकला तर जोडी १-१, कुणाला काही नाही, पण एकाने पांढऱ्याने जिंकून काळ्याने ड्रॉ काढला की १.५-०.५ आणि तिथे ताकद दिसते. सुटे डाव मोजू नका, जोडी मोजा.

आणि १०० डावांवर भांडू नका, निम्मे ड्रॉ धरले तरी ४०-५० एलोची (ताकदीच्या रेटिंगची) चूक दोन्ही बाजूला सहज असते. कमीतकमी ५०० जोड्या लावा, वेळ कमी ठेवा, लॅपटॉप तापला तर खाली वही-बिही ठेवा. पण त्याआधी तुमच्या बुक बंद असलेल्या मॅचची पीजीएन उघडा आणि पहिल्या दहा डावांच्या चालींचे आकडे बघा, मला तर वाटतं तिथेही ६३, ८८, ६३, ८८ असंच काहीतरी निघेल.