‘झिगुरात’ आणि ‘शिखर’ एकच का?

प्रश्न असा आहे: मेसोपोटेमियातल्या टप्प्याटप्प्यांच्या देऊळ-मनोऱ्याला ‘झिगुरात’ म्हणतात, तो शब्द आपल्या ‘शिखर’वरून तिकडे गेला का?

नाही. कानाला जवळचा वाटतो, एवढंच. ‘शिखर’ हा ‘शिखा’च्या कुळातला. झिगुरातचं मूळ अक्कदी ‘झिक्कुर्रतु’. अक्कदी ही मेसोपोटेमियातली प्राचीन भाषा, अरबी-हिब्रूसारखीच सेमिटिक कुळातली. क्रियापद ‘झकारु’, म्हणजे उंच उभारणं. यातला ‘क’ घशातून काढायचा, अरबी ‘कलम’मधल्यासारखा. शेवटचा ‘उ’ प्रथमेचा आणि त्याआधीचा ‘त’ स्त्रीलिंगाचा. हा ‘त’ मराठीला परका नाही. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या दौलत, इज्जत, हकीकत यांच्या शेपटीला तोच सेमिटिक प्रत्यय आहे. ‘शिखर’वाल्यांकडे या ‘त’चं उत्तर नसतं.

शब्द देवळापुरता नव्हता. गिल्गमेश या अक्कदी महाकाव्यात, ११व्या मातीच्या पाटीवर, प्रलय ओसरल्यावर त्यातून वाचलेला उतनपिश्तिम ‘झिक्कुर्रत शदी’वर नैवेद्य मांडतो. ‘शदू’ म्हणजे डोंगर. तेव्हा इथे अर्थ सरळ डोंगरमाथा. (पुढे षष्ठी आली की शेवटचा ‘उ’ गळतो.)

प्रसाराची गोष्ट मात्र अजब. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस बाबिलोनच्या मनोऱ्याला ग्रीक ‘पिर्गोस’ म्हणतो, हिब्रू बायबल ‘मिग्दाल’. अक्कदी शब्द कोणी उचललाच नाही. तो वर आला १९व्या शतकात, अक्कदी ज्या खिळ्यांच्या आकाराच्या खुणांत लिहीत ती कीलाकार लिपी उलगडल्यावर. या लिपीत अक्षराच्या शेवटी येणारे ग, क आणि घशातला क एकाच चिन्हाने लिहीत. म्हणून इंग्रजी-फ्रेंचात ‘ग्ग’ रुळला, जर्मनांनी ‘क्क’ ठेवला. अरबीने आपला घशातला क वापरून ‘झक्कूरा’ केलं. इराणमधल्या चोगा झंबील इथली झिगुरात इ.स.पू. १३व्या शतकातली, पण तिच्यासाठी आजच्या फारसीतला ‘झिगुरात’ युरोपातून आलेला!

मराठीत झिगुरट, झिग्गुरॅट असंही दिसतं. उच्चाराला धरून ‘झिक्कुरत’ हवं, पण ‘झिगुरात’ रुळलंय, तेच ठेवावं. फक्त स्त्रीलिंगी वापरावं, ‘ती झिगुरात’. भाषांतरात ‘गोपुर’ अजिबात नको. गोपुर दारावर असतं, त्याखालून माणसं जातात. मेसोपोटेमियातल्या ऊर शहराची झिगुरात भरीव आहे: आत उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा, बाहेरून डांबरात बसवलेल्या भाजक्या विटांचं जाड कवच, आणि देऊळ असायचं ते अगदी वर.