वाचकांचे प्रश्न : ट्रम्पेटला केस कोणती घ्यावी?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्मी पितळी वाद्यांच्या केसबद्दलची आहेत. पेटी म्हणावं तर हार्मोनियम वाटते आणि केस म्हणावं तर डोक्यावरचे, पण बँडवाले सगळे केसच म्हणतात, म्हणून आम्हीही तोच शब्द ठेवला आहे.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. वाद्य मेरठचं आहे, त्यासोबत आलेली पुठ्ठ्याची पेटी फाटली. ती बसने ये-जा करते. दुकानदार म्हणतो सॉफ्ट बॅग पुरे, बँडचे सर म्हणतात हार्ड केसच घ्या. कोणाचं ऐकावं? – एक पालक, पुणे

उत्तर : सरांचं. पण हार्ड केस घेताना नुसत्या कवचावर टकटक करून पसंत करू नका. ट्रम्पेट जेमतेम किलोभराचं, आणि त्यातलं बरंचसं वजन मधल्या तीन व्हॉल्व्हच्या, म्हणजे बोटांनी दाबायच्या झडपांच्या, ठोकळ्यात असतं. बेल, म्हणजे पुढचं फुललेलं तोंड, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं असतं. केस बेलच्या बाजूने आपटली की आतलं वाद्य पुढे घसरतं, बेलची कड केसच्या भिंतीला टेकून थांबते, मागून व्हॉल्व्हचा ठोकळा रेटा देतो आणि मधला पत्रा मुडपतो. केसवर ओरखडाही नसतो, म्हणून घरी कोणाला पत्ता लागत नाही. तेव्हा पाहायचं ते हे की वाद्य आत धरलंय कुठे. ठोकळ्याशी आणि मागच्या वळणाशी घट्ट, आणि बेलची कड सगळ्या बाजूंनी अधांतरी, असं हवं.

दुकानात वाद्य बरोबर न्या. बी-फ्लॅट ट्रम्पेट साधारण 48 ते 50 सेंटिमीटर लांब आणि बेल 12 ते साडेबारा सेंटिमीटर रुंद असते खरी, पण मेरठच्या वाद्यांची वळणं आणि कड्या विलायती साच्यांशी जुळतीलच असं नाही. दोन-चार मिलिमीटरचा फरक पुस्तकात किरकोळ असतो, केसमध्ये नाही.

वाद्याबरोबर डब्यात थोडी सैल मळलेली कणीकही न्या. दुकानदार हसेल, हसू द्या. सुपारीएवढ्या तीन गोळ्या पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा. ट्रम्पेट केसमध्ये आडवं ठेवल्यावर मधल्या व्हॉल्व्हची आखूड नळी, म्हणजे दुसरी स्लाइड, वरच्या अंगाला आली पाहिजे. ती खाली आली तर वाद्याचा भार तिच्यावर पडतो. एक गोळी त्या स्लाइडवर, दुसरी बेलच्या कडेवर सगळ्यात उंच जागी, तिसरी व्हॉल्व्हच्या ठोकळ्यावर ठेवा. झाकण लावून खटके बंद करा, दहापर्यंत मोजा, उघडा. ठोकळ्यावरची गोळी चपटी झाली असेल तर उत्तम, तिथे झाकणाचा फोम वाद्याला धरतोय. बेलवरची गोळी निदान सेंटिमीटरभर जाड राहायला हवी. स्लाइडवरची पापडासारखी झाली असेल तर ती केस परत ठेवा, कितीही सुंदर मखमल असली तरी. झाकण त्या स्लाइडला रोज दाबत राहिलं की मधल्या व्हॉल्व्हचं नळकांडं किंचित अंडाकृती होतं आणि त्यात वरखाली होणारा पिस्टन अडकायला लागतो. मग लोक तेल बदलत बसतात, पण दोष तेलात नसतो.

पिस्टनची बटणं आणि बाजूची भिंत यांत बोटभर फट आहे ना, तेही पाहून घ्या. शेवटी केस बंद करून दोन्ही हातांनी कवेत धरा आणि हळूच एकदा बेलकडे, एकदा मागे कलती करा. आतून सरकल्याचा आवाज आला तर वाद्य सैल आहे.

केस बाकी सगळी चांगली आणि फिटिंग जरा सैल, असं असेल तर ते घरी सुधारता येतं. 10 मिलिमीटर जाडीच्या ईव्हीए फोमचे तुकडे सुती कापडात शिवून ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना आणि मागच्या वळणामागे चिकटवा. बेलच्या पुढे काहीही कोंबू नका, सगळे तीच चूक करतात. चिकटवल्यावर दोन दिवस केस उघडी ठेवा, कारण ओल्या गोंदाच्या वाफेने वाद्यावरचं लॅकर, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर, खराब होतं. दुकानातल्या केसमध्ये पिवळा मऊ फोम दिसला तर अंगठ्याने दाबून पाहा. खालचं लाकूड बोटाला लागत असेल तर तो फोम नावापुरताच आहे, आणि दोन-चार पावसाळ्यांत त्याचा भुगा होऊन तो पिस्टनमध्ये जातो.

कवचाबद्दल आमचं मत असं : शाळकरी मुलीसाठी प्लायवूडवर रेक्झिन लावलेली केस. एबीएस प्लास्टिक पाण्याला चांगलं, पण बिजागरीपाशी तडकलं की संपलं. प्लायची बिजागरी कोणताही बॅगवाला अर्ध्या तासात बदलून देतो. पाठीला लावायचे पट्टे असतील तर त्यांच्या कड्या रिव्हेट ठोकून, आतून वॉशर देऊन बसवलेल्या हव्यात. नुसत्या रेक्झिनला शिवलेल्या कड्या पहिल्याच वर्षी उसवतात. बसमध्ये केस दोन पायांमध्ये उभी ठेवायची, बेलचं टोक वर. वरच्या फळीवर नाही.

सॉफ्ट बॅग वाईट नसते. वाद्य सतत हातात किंवा मांडीवर राहणार असेल तिथे ती चालते, फोम निदान 20 मिलिमीटर असला तर. चेनच्या आतून कापडाची पट्टी आहे का पाहा, नाहीतर चेनचे दात लॅकरवर रोज एक रेघ मारतात.

प्रश्न : आमचं लग्नाचं बँड पथक आहे. चौदा वाद्यं, त्यात दोन युफोनियम आणि एक सुझाफोन. टेम्पोत गोधड्यांत गुंडाळून नेतो. प्रत्येक सीझनला पोचे काढण्यात पैसे जातात. प्रत्येक वाद्याला केस घेणं परवडत नाही. – एक बँडमास्तर, सातारा

उत्तर : सगळ्यांना केस घेऊ नका. ट्रम्पेट आणि कॉर्नेटसाठी एकच मोठी प्लायची पेटी सुताराकडून करून घ्या, आत सहा कप्पे. भिंती 9 मिलिमीटर, तळ 12 मिलिमीटर, कोपऱ्यांना पत्र्याचे किंवा ॲल्युमिनियमचे कोन. कप्प्यांतल्या भिंतींना अर्धवर्तुळाकार खाचा पाडून त्यांना फोम लावा, म्हणजे वाद्य खाचेवर पेललं जातं आणि बेल हवेत राहते. ध्वनियंत्रणेच्या फ्लाइट केस, म्हणजे प्रवासाच्या भक्कम पेट्या, बनवणारे कारागीर हे काम सहज करतात. पेटी भरल्यावर दोघांना उचलता येईल एवढीच ठेवा. चौघं लागतील अशी पेटी आपटतेच.

युफोनियम चार-पाच किलोचं असतं. ते टेम्पोत बेलवर पालथं उभं करू नका. घरात असं ठेवलेलं चालतं, कारण तिथे भार नुसता असतो. रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला तोच भार आपटतो आणि बेलची कड एका बाजूला बसते. आडवं ठेवा, व्हॉल्व्ह वरच्या अंगाला, तळाच्या मोठ्या वळणाखाली 50 मिलिमीटरचा घट्ट फोम, आणि 50 मिलिमीटर रुंद नायलॉनच्या पट्ट्याने टेम्पोच्या कडीला बांधा. दोरी नको, दोरी नळीवर रुतते.

सुझाफोनची बेल 26 इंचांची म्हणजे 66 सेंटिमीटरची. ती स्क्रू काढून वेगळीच न्यायची. घोंगडीत गुंडाळा आणि टेम्पोच्या कडेला उभी बांधा. माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा तुकडा, आणि मानेचे तुकडे एका छोट्या पिशवीत, आणि ती पिशवी मास्तरांच्या खांद्याला. वरातीच्या आधी पाच मिनिटं मानेचा तुकडा सापडत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आणि ढोल, ताशे, लाइटच्या छत्र्या पितळेवर रचू नका. तुमच्या पोच्यांचं कारण बहुधा हेच असेल. टेम्पोत मध्ये एक प्लायची फळी उभी लावली तरी अर्धा खर्च वाचेल. डाख सुटलेल्या कड्या लगेच लावून घ्या. एक कडी सुटली की दोन नळ्या मोकळ्या हलतात आणि पुढचा डाख आपोआप सुटतो.

प्रश्न : चांदीचा मुलामा दिलेलं ट्रम्पेट आहे. फेस्ताचे कार्यक्रम संपले की पावसाळाभर केसमध्येच असतं. सप्टेंबरात काढलं तर काळं पडलेलं आणि मखमलीला बुरशीचा वास. – एक वादक, मडगाव

उत्तर : या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. काळेपणा हा चांदी आणि गंधक यांच्या संयोगाचा. गंधक हवेतून येतो तसा केसमधूनही येतो : रबराचे तुकडे, रबर बँड, लोकरीचं फेल्ट, काही गोंद. केसमध्ये ठेवलेलं सगळं रबर आधी बाहेर काढा. काळेपणा चांदीच्या पॉलिशने मऊ सुती कापडाने काढा, पण वर्षातून एकदाच. मुलामा पातळ असतो आणि प्रत्येक घासणीला थोडा जातो. टूथपेस्ट तर नकोच.

बुरशी ओलाव्याची. वाजवून झाल्यावर पाणी काढून टाका, स्लाइड ओढून पुसा आणि वाद्य अर्धा तास पंख्याखाली ठेवून मगच केस बंद करा. केसमध्ये सिलिका जेलच्या 50 ग्रॅमच्या दोन पुड्या टाका, रंग बदलणाऱ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये 110 अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरता येतात. पुड्या कापडी पिशवीत ठेवा, दाणे फुटून पिस्टनमध्ये गेले तर ओरखडे पडतात. पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा, कोरडा दिवस बघून, केस उघडी टाकायची.

आता आहे ती बुरशी : केस अंगणात नेऊन, नाकाला रुमाल बांधून, कोरड्या ब्रशने झाडा. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन मखमल पुसा आणि तीन-चार दिवस ऊन द्या. तरीही वास राहिला तर अस्तर उपटून नवीन लावा. वाद्याच्या आतूनही कोमट पाणी, भांडी घासायचं द्रव आणि लवचिक ब्रश फिरवा. हे नुसतं टापटिपीसाठी नाही. वाद्यात वाढलेल्या बुरशीमुळे आणि जंतूंमुळे वादकाला फुफ्फुसाचा ॲलर्जीचा आजार झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. डांबर गोळ्या केसमध्ये टाकू नका, ते वाद्य तुम्ही तोंडाला लावता.

प्रश्न : ट्रॉम्बोनची स्लाइड दोनदा वाकली. केस तर भक्कम आहे. – एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : केस उघडण्याची पद्धत तपासा. बऱ्याच ट्रॉम्बोनच्या केसमध्ये स्लाइड, म्हणजे वाजवताना पुढेमागे सरकवायची लांब नळी, झाकणात बसवलेली असते, खाली बेल. झाकणातली फिरती पट्टी सैल झाली असेल तर झाकण उचलताना स्लाइड सुटून थेट बेलवर पडते. केस उलटी ठेवून उघडली तरी तेच. झाकणावर बाहेरून एक ठळक खूण करा, केस नेहमी सपाट जमिनीवरच उघडा, मांडीवर किंवा खुर्चीवर नाही. स्लाइडचं कुलूप लावल्याशिवाय ती केसमध्ये ठेवायची नाही. उचलण्याआधी दोन्ही खटके बोटाने ओढून पाहा.

केसमध्ये जागा दिसते म्हणून स्वरलिपीची वही झाकणाखाली सरकवणं हेही एक कारण असतं. वहीची जाडी शेवटी स्लाइडवरच दाबते. वाकलेली स्लाइड स्वतः सरळ करू नका, आतल्या दोन नळ्या एकमेकींना समांतर राहिल्या नाहीत तर ती आणखी अडकते.

प्रश्न : न्यू जर्सीहून मुंबईला ट्रम्पेट घेऊन यायचं आहे. सामानात टाकू की हातात ठेवू? – एक वाचक, एडिसन

उत्तर : हातात. अमेरिकी विमान कंपन्यांना 2015 पासून लागू असलेल्या नियमानुसार लहान वाद्य केबिनमध्ये नेऊ द्यावं लागतं, पण तुम्ही चढाल तेव्हा वरच्या कप्प्यात जागा असली तरच. म्हणून लवकर चढा. इतर देशांच्या कंपन्यांना हा नियम लागू नाही. पुढे भारतात देशांतर्गत विमान असेल तर हातातल्या सामानाची मर्यादा सहसा 7 किलो आणि 55 × 35 × 25 सेंटिमीटरच्या आसपास असते. लांबट हार्ड केस 55 च्या वर जाऊ शकते, घरी टेप लावून मोजा. या एका प्रवासासाठी जाड फोमची आखूड सॉफ्ट बॅग हार्ड केसपेक्षा बरी. म्यूट, म्हणजे आवाज दाबायचं बूच, बेलमध्ये ठेवू नका, तपासणीत बॅग उघडायला लावतात. व्हॉल्व्हचं तेल पेट्रोलियमचं असेल तर विमानात नेऊच नका, मुंबईत मिळतं.

प्रश्न : माउथपीस वाद्यालाच लावून केस बंद केली तर चालेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. ते अडकून बसतं, आणि केस पडली की त्याच्या धक्क्याने पुढची नळी वाकते. केसमध्ये त्याची खोबण नसेल तर जुन्या मोज्यात घालून बाहेरच्या खिशात ठेवा. अडकलंच असेल तर पकड लावून पिरगाळू नका. माउथपीस पुलर नावाचं स्क्रूचं साधन वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे असतं, त्याने ते मिनिटभरात सरळ बाहेर येतं.