फॉर्म नंतर, आधी चालून बघा

प्रश्न : मी एमएला संशोधन पद्धती शिकवते. शाश्वत विकासावर प्रोजेक्ट दिला की मुलं थेट ऑनलाइन फॉर्म फिरवून मोकळी होतात, काय करू?

उत्तर : अहो मॅडम, सगळीकडे हेच चाललंय! फॉर्म भरणार कोण तर ज्याच्याकडे मोबाईल आणि वेळ आहे तोच, म्हणजे पाण्यासाठी लांब चालणारी बाई त्यात येतच नाही आणि प्रोजेक्ट नेमका तिच्यावर असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली, त्याखाली १६९ टार्गेट्स, आणि मुलं अख्खं उद्दिष्टच विषय म्हणून उचलतात, तिथेच गाडी अडते. एकच मोजता येईल अशी गोष्ट घ्यायला लावा. पाण्याचंच बघा, मूलभूत सोयीचा निकष आहे की सुधारित स्रोतावर (म्हणजे नळ, बोअरवेल, झाकलेली विहीर असा घाणीपासून सुरक्षित स्रोत) जाऊन-येऊन, रांगेसकट, ३० मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत. मग मुलांना घड्याळ लावून त्या बाईबरोबर चालू दे, तिने सांगितलेला वेळ आणि मोजलेला वेळ शेजारी-शेजारी लिहू दे. फरक पडला की मुलाखतीबरोबर निरीक्षण का लागतं यावर वेगळं लेक्चर नको. परवानगी मात्र आधी घ्यायची, फोटोची वेगळी. आणि रिपोर्टच्या जाडीवर मार्क देऊ नका (हा माझा जुना राग), फील्डची वही तपासा.